अपत्याची बुद्धी आणि मातापित्यांचा आहार

घरात सून गरोदर असल्याची वार्ता कळते, त्याच्या आधीच बाळाच्या मेंदूचा पाया घातला गेलेला असतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि तिची नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू घडतो. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी पूर्ण मिटलेली असावी लागते. खालचे टोक उघडे राहिले तर मूल पाठीवर गाठ घेऊन, पुष्कळदा पाय लुळे असलेले, जन्मते. वरचे टोक उघडे राहिले तर ते जगतच नाही. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताईंकडे नाव नोंदवायला दुसरा-तिसरा महिना उजाडतो. गोळ्यांची पहिली पाकिटे हाती पडतात तेव्हा नळी मिटण्याचे काम होऊन महिना-दीड महिना लोटलेला असतो.

आपल्याकडे गरोदर बाईने काय खावे, काय खाऊ नये याची चर्चा डोहाळेजेवणापासून बाळंतविड्यापर्यंत भरपूर होते. तिच्या शरीरात गर्भ राहण्यापूर्वी काय होते आणि काय नव्हते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आणि तिच्या नवऱ्याच्या ताटाचा तर मुळीच होत नाही. या स्मरणिकेचे वाचक म्हणजे आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले तरुण संसारी माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि समाजबांधव. त्यांच्यासमोर हा विषय मांडावा असे वाटण्याचे कारण असे की, यासंबंधीचे जगातले काही अत्यंत मोलाचे संशोधन महाराष्ट्राच्याच मातीत, आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांतील आणि चाळी-झोपड्यांतील स्त्रियांच्या साक्षीने झाले आहे.

त्याचा आरंभ शोधायचा तर १९२८ च्या मुंबईत जावे लागते. त्या वर्षी ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना, एक जीवघेणा रक्तक्षय होत असे आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नव्हते. हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी त्याचा माग काढण्यास सुरुवात केली. काही डॉक्टरांना यामागे जंतू असावेत असे वाटे. विल्सबाईंनी मात्र तळपदे या सहकाऱ्यासमवेत मुंबईतील स्त्रियांचे ताट आणि राहणीमान तपासले. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे, दूध वा मांस नावापुरतेच होते त्यांनाच हा आजार गाठत होता. पुढे उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग करता करता त्यांना यीस्टपासून बनवलेल्या मार्माईट या स्वस्त पदार्थाचा उपयोग ध्यानात आला. तो दिल्यावर अंथरुणाला खिळलेल्या स्त्रिया काही दिवसांत उठून बसू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या पदार्थातील गुणकारी द्रव्याला कित्येक वर्षे ‘विल्स घटक’ असेच म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तेच द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव मिळाले.

येथे एक योगायोग नोंदवणे आपल्या वाचकांना आवडेल. त्याच १९२८ साली, २८ जुलै रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे केवळ तिचे नव्हे तर राष्ट्राचे हित आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्या विश्रांतीचा भार स्त्रीने एकटीने का सोसावा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, एका बाजूला प्रयोगशाळेत आणि दुसऱ्या बाजूला विधिमंडळात कष्टकरी आईचे शरीर हा सार्वजनिक विचाराचा विषय झाला होता. विज्ञानाची ती बाजू आपल्या समाजात तुलनेने कमी सांगितली गेली आहे.

फोलिक आम्लाचा मज्जानलिकेशी असलेला संबंध पक्का व्हायला मात्र आणखी साठ वर्षे लागली. ज्या स्त्रियांना आधी असे व्यंग असलेले मूल झाले होते त्यांना पुढच्या गर्भधारणेपूर्वीपासूनच फोलिक आम्ल दिले, तर ते व्यंग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीने दाखवून दिले. पुढच्या वर्षी हंगेरीतील चाचणीने, आधी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही हा लाभ होतो, हे सिद्ध केले. ‘गर्भधारणेपूर्वीपासून’ हा या दोन्ही चाचण्यांचा प्राण होता. आज शासनाच्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे अशी शिफारस आहे. ती कागदावर आहे. लग्न झालेल्या किती मुलींना ती ठाऊक आहे, हे प्रत्येकाने आपल्याच घरात विचारून पाहावे.

आता पुण्याकडे वळू. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत एक पाहणी सुरू केली. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलीन फॉल त्यांच्या सोबत होत्या. त्या गावांतील विवाहित तरुण स्त्रियांची नोंद गर्भ राहण्यापूर्वीच करण्यात आली. नंतर ज्यांना दिवस गेले त्यांचे वजन, उंची, आहार, कामाचे कष्ट आणि रक्त या सर्वांचा बारकाईने हिशेब ठेवला गेला. बाळे जन्मली, त्यांची मोजमापे झाली. पुढे ती शाळेत गेली, मोठी झाली, त्यांची लग्ने झाली आणि आता त्यांच्याही मुलांची तपासणी होते आहे. तीन पिढ्यांची अशी सलग नोंद जगातही थोड्याच ठिकाणी आहे.

या मातांचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळ सरासरी साडेतीन किलोचे. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आहाराचा अभ्यास केला तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. किती उष्मांक पोटात गेले किंवा किती प्रथिने मिळाली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ बसेना. परंतु हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जी माता वारंवार खात होती तिचे बाळ मोठे आणि भरदार होते. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून उघड झाले. भाकरीने भूक भागते, परंतु शरीर घडवणारी सूक्ष्म द्रव्ये ताटाच्या कडेला असलेल्या चमचाभर भाजीत असतात. दुसरे निरीक्षणही तितकेच महत्त्वाचे. ज्या स्त्रिया गरोदरपणी विहिरीवरून पाणी आणणे, शेतात राबणे अशी अधिक कष्टाची कामे करीत होत्या, त्यांच्या बाळांचे वजन तर कमी होतेच, त्यांच्या डोक्याचा घेरही लहान होता.

रक्ताच्या तपासणीत जे आढळले त्याने संशोधकही चकित झाले. या मातांमध्ये फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. परंतु दर तीन मातांपैकी दोघींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. पुरुषांचीही स्थिती निराळी नव्हती. पुण्याच्या शहरी व ग्रामीण पुरुषांच्या स्वतंत्र तपासणीत दर तिघांपैकी दोघांचे बी-१२ कमी भरले, आणि शाकाहारी पुरुषांत कमतरतेचा धोका मांसाहारींच्या चौपटीहून अधिक होता.

बी-१२ वनस्पतींत नसते. ज्वारीत नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही, कोणत्याही फळात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण आणि सर्वांत जास्त काळजात असते. मेंदूच्या तंतूंवर जे स्निग्ध आवरण चढते, वीज वाहून नेणाऱ्या तारेवरील रबरासारखे, ते तयार होण्यास आणि टिकण्यास हे जीवनसत्त्व लागते. शिवाय फोलेट आणि बी-१२ हे जोडीने काम करतात. नवी पेशी तयार होताना तिच्या केंद्रातील जनुकीय मजकुराची नवी प्रत काढावी लागते, आणि त्या मजकुरातील कोणते पान उघडायचे व कोणते मिटून ठेवायचे याच्या खुणाही त्यावर कराव्या लागतात. ही दोन्ही कामे या जोडीवर अवलंबून आहेत. दोन बैलांच्या गाडीतला एक बैल बसला तर दुसऱ्याला कितीही पेंड चारली तरी गाडी हलत नाही, तसे बी-१२ नसताना शरीरातील फोलेट अडकून पडते. म्हणूनच केवळ फोलिक आम्लाची गोळी देऊन आपले काम पुरे झाले असे मानणे आपल्याकडे तरी अपुरे आहे, असे माझे मत आहे.

या खुणांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण मातापित्यांचा आहार अपत्याच्या स्वभावधर्मापर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांत आहे. २००३ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या एका जातीवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. गरोदर माद्यांना फोलिक आम्ल, बी-१२ आणि तत्सम द्रव्ये जास्त दिली, तेव्हा जनुके तीच असूनही पिलांच्या कातडीचा रंग पिवळ्याऐवजी तपकिरी झाला. आफ्रिकेतील गांबिया देशाच्या खेड्यांत तर माणसांतही असे आढळले की, पावसाळ्यात गर्भधारणा झालेल्या आणि कोरड्या हंगामात गर्भधारणा झालेल्या मुलांच्या जनुकांवरील खुणा वेगवेगळ्या आहेत. तेथे हंगामाबरोबर ताट बदलते. बीड जिल्ह्यातील माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

पुणे जिल्ह्यातील त्या गावांची मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या काही चाचण्या घेण्यात आल्या. गरोदरपणी ज्यांच्या मातांचे बी-१२ सर्वांत कमी होते ती मुले दोन बाबतींत मागे पडली: एक, चित्त एका कामावर टिकवून ठेवणे, दुसरी, ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगणे, म्हणजे तात्पुरती स्मरणशक्ती. इतर चाचण्यांत फरक दिसला नाही. शिक्षकांना या दोन गोष्टींचे मोल चांगले ठाऊक आहे. ‘पोरगं हुशार आहे, पण ध्यान नाही’ असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांतील सर्वांचे कारण आहारात असेल असे मुळीच नाही. परंतु काहींचे ध्यान आईच्या पोटात असतानाच उणे पडले असेल, ही शक्यता छडी उचलण्यापूर्वी तरी मनात यावी.

नुसत्या निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. गरीब आईच्या घरात दूधही कमी असते आणि पुस्तकेही कमी असतात. मग मूल मागे पडले ते नेमके कशाने? हे ठरवण्यासाठी २०१२ मध्ये त्याच गावांत, त्याच पाहणीतून जन्मलेल्या आणि तोवर सुमारे सतरा वर्षांच्या झालेल्या मुला-मुलींवर एक चाचणी सुरू झाली. तिचे नाव ‘प्रिया’. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने तीन गट पाडले: एका गटाला रोज अवघे २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला बी-१२ आणि त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. लोह आणि फोलिक आम्ल सर्वांनाच होते. मुलींना ही गोळी लग्नानंतर पहिले मूल होईपर्यंत चालू राहिली. मुलांनाही, म्हणजे भावी पित्यांनाही, ती देण्यात आली, हे विशेष. या मुलींची बाळे दोन वर्षांची झाल्यावर त्यांचा विकास मोजला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार केवळ बी-१२ घेतलेल्या मातांची बाळे आकलन आणि भाषा या दोन अंगांनी औषध नसलेल्या गटापेक्षा सरस ठरली. तपासलेल्या बाळांची संख्या शंभराच्या आत होती आणि अनेक पोषकद्रव्ये एकत्र दिलेल्या गटात तसा फरक आढळला नाही. तेव्हा यावरून मोठी घोषणा करणे उतावीळपणाचे होईल. तरीही दिवसाला दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन पेले दूध आणि एका अंड्यात मिळेल एवढ्या द्रव्याने दोन वर्षांच्या बाळाच्या बोलण्यात फरक पडू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही २००६ पासून असाच एक मोठा प्रयत्न झाला. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद करून त्यांतील निम्म्या स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून रोज दिला. उरलेल्यांच्या खाऊत कांदा-बटाट्यासारख्या कमी कसाच्या भाज्या होत्या. सर्व मातांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. मात्र ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक वजनाची झाली, आणि पौष्टिक खाऊच्या गटात गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आले. उशिरा दिलेला चांगला घास वाया जात नाही, परंतु वेळेवर दिलेल्या घासाची बरोबरी करीत नाही.

मेंदूला लागणारी द्रव्ये अर्थातच एवढीच नाहीत. आयोडीन नसेल तर गर्भाच्या मेंदूला दिशा देणारे थायरॉईडचे द्रव्य तयार होत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत ते सर्वस्वी आईकडूनच मिळते. आयोडीनयुक्त मिठाने हा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे. फक्त मीठ झाकून ठेवावे, उघड्या डब्यात चुलीशेजारी ठेवू नये. लोहाची कथा अधिक अवघड आहे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि लोहाअभावी मेंदूतील स्मृतीचे केंद्र व तंतूंवरील आवरण या दोहोंची वाढ मंदावते. बाजरी, हुलगे, तीळ आणि पालेभाज्यांत लोह असते, परंतु जेवणाबरोबर चहा घेतला की ते अंगी लागत नाही. लिंबू पिळले की लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी पुष्कळ मुली मळमळते म्हणून खिडकीबाहेर टाकतात. ती रिकाम्या पोटी न घेता जेवल्यावर घेतली तर त्रास कमी होतो, एवढे सांगणारे कोणी असावे.

आता पित्याकडे. पुरुषबीज तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे ज्या दिवशी गर्भ राहतो त्याच्या अडीच महिने आधीपासून बापाचे खाणे, पिणे, गुटखा, बिडी आणि दारू यांची नोंद त्या बीजात होऊ शकते. नर उंदरांना फोलेट किंवा प्रथिने कमी दिली तर त्यांच्या पिलांत फरक पडतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. माणसांत याविषयीचा पुरावा अजून कोवळा आहे, त्यामुळे त्यावर जास्त भार टाकणार नाही. पण बापाचा दुसरा परिणाम सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. बाजारात पैसे कोणाच्या हातात असतात, अंडी आणली तर कोणाच्या ताटात पडतात, रश्श्यातले फोड कोण खाते आणि खरवड कोण, हे बापच ठरवतो. घरातील बाई सर्वांत शेवटी जेवते ही आपल्याकडे सौजन्याची गोष्ट मानली गेली. जिच्या शरीरात पुढची पिढी घडायची ती भांड्याच्या तळाशी जे उरेल त्यावर राहते.

बीडचा विषय ऊसतोडीशिवाय पुरा होत नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी आणि लेकरे घेऊन निघतात. लग्न लवकर लागते याचे एक कारण हेच की, कोयता जोडीने मोजला जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४० हून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडे अजून वाढत असतात. त्यात गर्भ राहिला तर आई आणि बाळ यांच्यात एकाच घासासाठी ओढाताण होते. फडावर पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, दिवसभर मोळ्या उचलायच्या, कोपीत परतायचे. भाजी म्हणजे बटाटा नाहीतर मिरचीचा ठेचा. नोंदणी गावी, गर्भ फडावर, अशी स्थिती. पुण्याच्या पाहणीने कष्ट आणि डोक्याचा घेर यांचा जो संबंध दाखवला, त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यात किती गंभीर होतो हे निराळे सांगावे लागू नये.

त्याच वेळी एक सावधगिरी. हे सर्व वाचून कोणी, ‘हिने नीट खाल्ले नाही म्हणून पोर असे झाले,’ असा दोष एखाद्या आईच्या माथी मारू लागला, तर हा लेख लिहिला नसता तर बरे झाले असते. मूल मतिमंद, स्वमग्न किंवा शिकण्यात मागे असण्याची कारणे अनेक असतात: जनुके, जवळच्या नात्यातील विवाह, बाळंतपणात प्राणवायू कमी पडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, वाढलेली कावीळ. नॉर्वेत ८५ हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत गर्भधारणेच्या सुमारास फोलिक आम्ल घेणाऱ्या मातांच्या मुलांत तीव्र स्वमग्नतेचे प्रमाण कमी आढळले, हे खरे. परंतु त्यावरून स्वमग्न मुलाची आई अपराधी ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. ऐन उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांत मज्जासंस्थेची व्यंगे आणि पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण वाढलेले दिसले. पण त्याच काळातील मुलगे एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीसाठी आले तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या चाचणीत इतरांपेक्षा काहीही उणे आढळले नाही. युद्धानंतर त्या देशात पुन्हा अन्न मिळाले, शाळा मिळाल्या. मेंदू फार चिवट असतो आणि जन्मानंतरची पहिली वर्षेही त्याच्या घडणीचीच असतात. ग्वाटेमालात तीन वर्षांखालील बालकांना पौष्टिक पेज दिली, तर तीच मुले मोठेपणी अधिक कमावती निघाली. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर वाढलेली कित्येक माणसे आज आपल्यात मास्तर, परिचारिका, अधिकारी म्हणून मानाने वावरत आहेत.

मग चौसाळ्यासारख्या गावात, हातावर पोट असलेल्या घरात, करायचे काय? पहिले म्हणजे शहरी जाहिरातींच्या मागे लागू नये. गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती आणि बदाम-केशराची महाग चूर्णे विकणारे पुष्कळ आहेत. त्या पैशांत महिनाभराची अंडी येतात. बांधावर येणारी तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळ, अंबाडी, शेपू यांत फोलेट भरपूर असते. फक्त भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी फेकू नये, कारण फोलेट पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. शेंगदाणे, हरभरा, मटकीही त्याच पंक्तीतील. जवसाची चटणी मेंदूला लागणाऱ्या स्निग्धांशासाठी उत्तम. बी-१२ साठी रोज दूध-दही आणि शक्य तेव्हा अंडे, मासे, मटण. जे मांसाहार करीत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

या संदर्भात शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाची आठवण होते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची त्यांनी त्यात नोंद केली आहे. काळीज, वजडी, रक्ती, चान्या हे पदार्थ गावकुसाबाहेर ढकललेल्या माणसांनी नाइलाजाने खाल्ले. त्यामागे अपमान होता, तो गोड करून सांगण्याचे कारण नाही. शिकलेल्या पिढीने ते ताट मागे टाकले, हेही समजण्यासारखे आहे. परंतु शहराकडे पाहून आपण त्याच्या जागी काय आणले? पांढरा भात, वडापाव, पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी. बी-१२ आणि लोह यांच्या हिशेबाने पाहिले तर मूठभर काळजात अनेक दिवसांची गरज भागते. गरोदरपणी ते रोज खाऊ नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असते. पंधरा दिवसांतून एकदा थोडेसे पुरे. कोणाच्या ताटात काय आहे यावरून त्याची पायरी ठरवणाऱ्यांनी पोषणाचे कोष्टक कधी उघडून पाहिलेले नसते. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. या माघारीचे समर्थन कोणत्याही आहारशास्त्राने करता येणार नाही.

राहता राहिला आपल्या वसतिगृहाचा प्रश्न. आज नववी-दहावीत असलेल्या मुलामुलींपैकी बहुतेक जण पुढील दहा वर्षांत आईबाप होतील. ‘प्रिया’ चाचणी यांच्याहून थोड्याच मोठ्या मुलामुलींवर सुरू झाली होती, लग्न झालेल्या सुनांवर नव्हे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज वाटीभर दही आणि आठवड्यातून तीन वेळा अंडे (न खाणाऱ्यांना जास्तीचे दूध), डाळीत मूठभर पालेभाजी, जेवणानंतर चहाऐवजी लिंबाची फोड, आणि गोळीच्या दिवशी गोळी सर्वांसमक्ष जेवणानंतर, एवढे बसवायला मोठी यंत्रणा लागत नाही, दूध-अंड्यांचा खर्च लागतो. माजी विद्यार्थी दरवर्षी शाळेला घड्याळे, पंखे, फलक भेट देतात. एका विद्यार्थ्याची दहा महिन्यांची अंडी आठवड्याला तीन या हिशेबाने सुमारे एकशेतीस होतात. ज्या माजी विद्यार्थ्यांचे लग्न नुकतेच ठरले आहे त्यांनी फोलिक आम्लाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागून घ्यावी, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि तपासणीला दोघांनी मिळून जावे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी निघण्यापूर्वी घरातील सुनेचे नाव आशाताईंकडे घालून कार्ड सोबत न्यावे. फड ज्या गावच्या शिवारात आहे तेथील अंगणवाडीत ते दाखवून गोळ्या आणि आहार मागता येतो, आणि तो तिचा हक्क आहे.